पळसाच्या दारची माधुकरी

महाशिवरात्र जवळ आली म्हणजे गोंदियाहून चांद्याकडे जाणाऱ्या आगगाडीत खिडकीजवळची जागा मिळणे हे प्रवाशाचे भाग्यच समजावे. धानाची कापणी होऊन महिने लोटलेले असतात. शेते पिवळी आणि उघडी पडलेली असतात आणि रानातील पुष्कळ झाडांनी पाने टाकलेली असतात. अशा त्या उदास देखाव्यात एकाएकी शेतांच्या धुऱ्यांवर जागोजाग आगट्या पेटाव्यात तशी झाडे दिसू लागतात. अंगावर पान म्हणून नाही, आणि फांदी न् फांदी केशरी-तांबड्या फुलांनी झाकून गेलेली. हाच आपला पळस. अर्जुनी मोरगाव तालुक्यातील प्रतापगडच्या यात्रेला याच दिवसांत जे हजारो भाविक जातात, त्यांच्या वाटेच्या दोन्ही बाजूंना तो उभा असतो. देवाच्या वाटेवर असणाऱ्यांचे लक्ष त्याच्याकडे जातेच असे नाही. आणि गेले तरी ते फुलांच्या रंगावर खिळते. त्या फुलांमध्ये काय चालले आहे हे पाहावयाचे, तर वाटसरूला थोडे थांबावे लागते.

अर्जुनीच्या स्थानकावर उतरून गावाबाहेरच्या एखाद्या धुऱ्यावर सकाळच्या उन्हात घटकाभर उभे राहावे. दुरून मुकाट दिसणारे ते झाड जवळून पाहता आठवडी बाजारासारखे गजबजलेले असते. साळुंक्यांचे भांडण चाललेले असते, बुलबुल शेंड्यावर बसून शीळ घालीत असतात, काळा कोतवाल आपली दुभंगलेली शेपटी मिरवीत या फांदीवरून त्या फांदीवर झेप घेत असतो. पोपटांचा थवा उतरला, तर फुलांचा सडाच खाली पडतो. या सर्व गर्दीत चिमणीहूनही लहान असे एक पाखरू दिसते. सावलीत ते कोळशासारखे काळे वाटते. परंतु मान वळवून उन्हात आले, की त्याच काळेपणातून निळी-जांभळी झळाळी अशी फुटते, की क्षणापूर्वीचा पक्षी तो हाच का, असा संभ्रम पडावा. एक रुपयाची दोन नाणी तळहातावर घेतली असता जेवढा भार जाणवतो, तेवढाच या पाखराचा भार. मराठीत त्याला सूर्यपक्षी म्हणतात, शिंजीरही म्हणतात. या पाखराच्या अनेक जाती आहेत; पळसावर दिसणारा हा जांभळा शिंजीर होय.

नवेगावच्या रानाची ओळख मराठी वाचकांना मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांच्या लेखणीने करून दिली. वनाधिकारी म्हणून ते या भागात राहिले आणि येथील पशुपक्ष्यांना त्यांनी मराठी साहित्यात घर दिले. त्यांचे वाचक आजही नवेगावबांधला येतात. परंतु त्यांची पावले बहुधा कोलू पाटील कोहळी यांनी बांधविलेल्या त्या विस्तीर्ण तलावाकडे वळतात. हिवाळ्यात दूरदेशांहून येणारी बदके पाहावयाची, दुर्बिणी लावावयाच्या आणि परत जावयाचे. घरच्या धुऱ्यावर बारमाही राहणाऱ्या या दोन नाण्यांच्या भाराच्या पाखराकडे दुर्बीण वळत नाही. पाहुण्याचे कौतुक करावे आणि घरच्या माणसाला गृहीत धरावे, ही मनुष्याची जुनीच रीत आहे.

वास्तविक शिंजिराची राहणी मोठी पाहण्यासारखी असते. विणीच्या दिवसांत नर जो झळाळीचा पोशाख घालतो, तो वर्षभर टिकत नाही. तो हंगाम सरला, की पोटाकडची बाजू पिवळट होते आणि हनुवटीपासून पोटापर्यंत एक काळा पट्टा तेवढा मागे राहतो. जणू दरबारी अंगरखा पेटीत ठेवून त्याची एक बटणपट्टी आठवणीसाठी अंगावर राहू दिली आहे. मादीला हा थाट कधीच नसतो. ती वर मातकट हिरवट आणि खाली फिकट पिवळी. दोघांचीही चोच मात्र एकसारखी : बारीक, लांब आणि खाली किंचित वाकलेली. चोचीच्या आत नळीसारखी जीभ असते आणि तिचे टोक दुभागलेले असते. सोनाराजवळ जशी बारीक कामाची निराळी हत्यारे असतात, तसे हे हत्यार एकाच कामासाठी घडलेले आहे. फुलाच्या तळाशी साठलेला मधुरस काढून घेणे, हे ते काम.

पूर्वी विद्येसाठी परगावी राहणारा गरीब विद्यार्थी सकाळी झोळी घेऊन माधुकरी मागावयास निघे. माधुकरी हा शब्दच मुळी मधुकरावरून आला. भुंगा जसा एकाच फुलाला न ओरबाडता अनेक फुलांतून थोडे थोडे घेतो, तसे या मुलाने एकाच घरावर भार न टाकता चार-पाच घरी घास घास मागावा, असा त्यातील संकेत. शिंजिराचे जीवन हीच माधुकरी आहे. एका फुलात त्याचे पोट भरेल एवढा मध कधीच नसतो. म्हणून त्याला दुसऱ्या फुलाकडे, दुसऱ्या फांदीकडे आणि शेवटी दुसऱ्या झाडाकडे जावे लागते. झाडाचा हा हात राखून वाढण्याचा स्वभाव कंजूषपणाचा वाटेल. परंतु त्यातच सगळे मर्म आहे. भिक्षेकरी एकाच दारी तृप्त झाला असता, तर तो पुढच्या दारी गेलाच नसता. आणि तो पुढच्या दारी जाणे हीच तर झाडाची गरज आहे.

मधावर जगणारी पाखरे जगात अन्यत्रही आहेत, आणि मौज अशी की, ती सगळी एका कुळातील नव्हेत. अमेरिका खंडात हे काम हमिंगबर्ड करतात. ऑस्ट्रेलिया, न्यू गिनी आणि पॅसिफिक महासागरातील असंख्य बेटांवर ते हनीईटर, म्हणजे मधुभक्षी या नावाच्या पक्ष्यांकडे आहे. त्यांच्या सुमारे १९० जाती आहेत. आफ्रिकेत आणि आपल्या आशियात तेच काम शिंजिराच्या कुळाने पत्करले आहे. मधुभक्षींची जीभ टोकाला कुंचल्यासारखी असते, शिंजिराची नळीसारखी. वंशवृक्ष पाहिला तर ही कुळे एकमेकांपासून फार दूरची. तरीही लांब चोच, रस काढणारी जीभ आणि अनेकदा झगमगीत पोशाख, हे साम्य एवढे की, परक्याने त्यांना भाऊ समजावे. कोकणातला सुतार आणि काश्मिरातला सुतार यांचे कूळ वेगळे असले, तरी रंधा दोघांच्याही हातात असावयाचाच. निसर्गातही काम हेच कारागिराला घडविते.

आता ज्या दारी ही माधुकरी मागितली जाते ते दार, म्हणजे पळसाचे फूल, जरा न्याहाळले पाहिजे. आपल्या पूर्वजांनी पळसाला किंशुक असे नाव दिले. ‘हा पोपट तर नव्हे?’ असा प्रश्नच त्या नावात गोठविलेला आहे. कारण फुलाची एक जोडपाकळी पोपटाच्या चोचीसारखी वाकलेली असते. ही चोच म्हणजे एक मिटलेली पेटी आहे. तिच्यात दहा पुंकेसर आणि त्यांच्यासोबत स्त्रीकेसर, अशी सगळी ठेव जपून ठेवलेली असते. मधाचा साठा निराळा, फुलाच्या बुडाशी. म्हणजे ज्याला मध हवा, त्याने पेटीशी अंगलट केल्याशिवाय तो मिळू नये, अशी ही रचना. फुलाला वास जवळजवळ नाही, रंग मात्र भडक. मधमाशीला तांबडा रंग नीट दिसत नाही. पाखरांना तो उत्तम दिसतो. तेव्हा पळसाने आपल्या दारावर जी पाटी लावली आहे, ती कोणासाठी आहे हे सांगावयास नको.

हिंदुस्थानातील फुले आणि पाखरे यांचा हा व्यवहार शास्त्रीय दृष्टीने मांडणाऱ्यांत डॉ. सलीम अली हे अग्रणी होत. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १९३२ साली त्यांनी या विषयावर एक विस्तृत लेख लिहिला. कोणती पाखरे कोणत्या फुलांवर येतात, तेथे काय करतात आणि झाडाला त्याचा काय उपयोग होतो, याचा तो धांडोळा होता. त्याच सलीम अलींच्या नावाने आज नवेगावच्या परिसरातील पक्षी अभयारण्य ओळखले जाते, हा योग मोठा उचित आहे.

तथापि पळसापुरता एक प्रश्न उरतो. त्याच्या फुलांवर एवढी पाखरे येतात. त्यांपैकी उपयोगाची किती? दिल्ली विद्यापीठातील टंडन, शिवण्णा आणि मोहन राम या तीन वनस्पतिशास्त्रज्ञांनी हा प्रश्न हाती घेतला आणि २००३ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांना सहा कुळांतील सात जातींची पाखरे पळसाच्या फुलांवर आलेली आढळली. परंतु पराग एका फुलावरून दुसऱ्या फुलाच्या स्त्रीकेसरावर नेमका पोहोचविण्याचे काम त्या सातांपैकी एकच पाखरू करीत होते, आणि ते म्हणजे आपला जांभळा शिंजीर. त्याच्या जोडीला एक खार तेवढी उपयोगी पडत होती. बाकीच्यांची पंगत जेवून उठणारी. यजमानाच्या घरचे कार्य पार पाडणारा त्यांत एकच. शिवाय पळसाला स्वतःच्याच परागापेक्षा दुसऱ्या झाडाचा पराग अधिक मानवतो. म्हणजे या दारचे त्या दारी जाणारा माधुकरीच त्याला हवा.

शिंजीर गेला म्हणून कोणाचे काय अडेल, असे व्यवहारी मनुष्य विचारील. अर्जुनीच्या भागात तरी हा प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर त्याच्या घरातच सापडेल. पळसाच्या फांद्यांवर लाखेचे किडे वाढवून लाख काढणे हा या जिल्ह्यातील जुना उद्योग. पळसाच्या सालीतून झिरपणारा तांबडा गोंद औषधी. गोंदिया हे नावच गोंदावरून पडले, असे सांगतात. पळसाच्या पानांच्या पत्रावळींवर लग्नाच्या पंगती उठल्या. फुले उकळून होळीचा रंग केला गेला. बियांना पळसपापडी म्हणतात; पोटातील जंतांवर ती उगाळून देण्याचा आजीबाईच्या बटव्यातील उपाय पिढ्यान् पिढ्या चालत आला. या सगळ्याच्या मुळाशी बी आहे, आणि बीच्या मुळाशी ते काळे पाखरू. पळसाला मुळांपासूनही फुटवे येतात हे खरे. त्यामुळे एखादे झाड तोडले तरी ते हटकून पुन्हा डोके वर काढते. परंतु फुटवा म्हणजे त्याच जुन्या झाडाचा पुनर्जन्म. नवे रक्त, नवा जीव, नव्या जागेवरचे नवे झाड हे बीशिवाय होत नाही.

शिंजिरासारखा पक्षी एखाद्या रानातून खरोखरच गेला, तर पुढे काय होते? अर्जुनीत याचे उत्तर मिळणार नाही, कारण तेथे तो अजून आहे. जेथून असा पक्षी गेला, तेथेच ते पाहिले पाहिजे. त्यासाठी पॅसिफिक महासागरातील एका बेटापर्यंत मनाने प्रवास करावा लागेल.

फिलिपाइन्सच्या पूर्वेस मारियाना नावाची द्वीपमाला आहे. ग्वाम हे तिच्यातील सर्वांत मोठे बेट. हवा उष्ण, पाऊस भरपूर, रान हिरवेगार. या रानात आणि गावांतील नारळींवर मधुभक्षी कुळातील एक लहानसा पक्षी राहत असे. नराचे डोके, छाती आणि पाठ कुंकवासारखी लाल, पंख व शेपूट काळी. तेथील मूळचे चामोरो लोक त्याला एगीगी म्हणत. हा पक्षी दुर्मीळ नव्हता. आपल्या अंगणात जसा शिंजीर, तसा त्यांच्या अंगणात एगीगी. त्याची मोजदाद करावी, त्याची काळजी वाहावी, असे कोणाला का वाटावे?

दुसऱ्या महायुद्धानंतर काही वर्षांच्या आत लष्करी सामानसुमानातून एक तपकिरी साप त्या बेटावर येऊन पोहोचला. आपल्याकडे ज्याला मांजऱ्या म्हणतात त्या सापाचा हा भाऊबंद. रात्री हिंडणारा आणि झाडावर सराईतपणे चढणारा. ग्वामच्या पाखरांना असा शत्रू पिढ्यान् पिढ्या ठाऊकच नव्हता. सापाने घरट्यांतील अंडी, पिले आणि झोपलेली पाखरे यांवर ताव मारण्यास सुरुवात केली, आणि रान एकेका भागाने मुके होत गेले. प्रथम लोकांनी कीटकनाशकांना दोष दिला, मग एखाद्या साथीचा संशय घेतला. खरा अपराधी साप आहे हे ज्युली सॅव्हिज या संशोधिकेने १९८७ साली साधार दाखवून दिले. परंतु तोपर्यंत उशीर झाला होता. बेटावरच्या रानपाखरांपैकी बहुतेक नाहीशी झाली होती, आणि त्यांत एगीगीही गेला होता.

पक्षी गेले, ही गोष्ट दुःखाची खरी. परंतु गोष्ट तेथे संपली नाही. ग्वामपासून सुमारे दोनशे किलोमीटर उत्तरेस सायपान नावाचे बेट आहे. तेथे त्या सापाने ठाण मांडलेले नव्हते आणि एगीगी सुखाने नांदत होता. डेन्मार्कच्या काही संशोधकांनी या दोन बेटांची तुलना करून २००८ साली आपला अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी दोन झाडे निवडली : एक खारफुटीच्या वनातील, आणि दुसरे आपल्या सर्वांच्या परिचयाचे, ते म्हणजे पांगारा. पळसाप्रमाणेच निष्पर्ण फांदीवर लाल फुलणारा, पळसाप्रमाणेच पाखरांना बोलावणारा आणि आपल्याकडे शिंजिरांनाच जेवू घालणारा तो पांगारा. सायपानमध्ये त्याच्या फुलांवर पाखरांची ये-जा चालू होती. ग्वाममध्ये पांगारा तसाच फुलत होता. फुलात मधही होता. दारात ताट वाढून ठेवलेले होते. घेणारा मात्र कोणी येत नव्हता. याचा परिणाम असा की, ग्वामवरील झाडांना बी सायपानपेक्षा पुष्कळच कमी धरत असे.

या हकिकतीतील सर्वांत भयंकर भाग कोणता असेल, तर तो तिचा शांतपणा. पक्षी गेल्याच्या दुसऱ्या दिवशी झाड वाळले नाही. पुढच्या वर्षीही ते फुलले, त्याच्या पुढच्या वर्षीही फुलले. रस्त्याने जाणाऱ्याला रान पूर्वीसारखेच दिसले असेल. झाडाचे आयुष्य मोठे, म्हणून त्याचे दुःखही उशिरा कळते. जुनी झाडे एकेक करून पडू लागतील आणि त्यांच्या जागी उभे राहावयास रोप नाही असे दिसेल, तेव्हा कोठे मनुष्याला जाग यावयाची. दुसरा एक परिणाम मात्र लवकर दृष्टीस पडला. ही पाखरे मधाबरोबर किडे आणि कोळीही खातात. पाखरे गेली तेव्हा कोळी माजले. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ग्वामच्या रानातील कोळ्यांची जाळी पावसाळ्यात शेजारच्या बेटांच्या मानाने ४० पटीपर्यंत अधिक आढळली. ज्या झाडांवर गाणे ऐकू यावयाचे, त्यांवर जाळी लोंबू लागली.

कोठेही गेलात तरी पळसाला पाने तीनच, अशी आपली म्हण आहे. मनुष्यस्वभाव सगळीकडे सारखाच, असा तिचा अर्थ आपण करतो. ग्वामची गोष्ट ऐकल्यावर ती म्हण निसर्गालाही लागू करावी असे वाटते. अर्जुनीचा धुरा असो की पॅसिफिकमधील बेट असो, नियम एकच : ज्याला झाडाने आपले कार्य सोपविले, तो गेला की फूल हे नुसते शोभेचे राहते.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. जांभळा शिंजीर आज संकटात नाही. तो हिंदुस्थानभर आढळतो, शहरांतील बागांतही दिसतो. बेटावरच्या पाखराला जशी पळून जावयास जागा नव्हती, तशी याची स्थिती नाही. नवेगावच्या रानाला १९७५ साली राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला आणि २०१३ साली ते नवेगाव-नागझिरा व्याघ्रप्रकल्पात समाविष्ट झाले. तेथील झाडांना कायद्याचे कवच आहे. चिंता आहे ती त्या कवचाबाहेर, शेताच्या धुऱ्यावर उभ्या असलेल्या पळसाची. त्याला कोणी वाली नाही. बांधीवर सावली पडते, ट्रॅक्टरला वळण मिळत नाही, दोन बांध्यांची एक करावयाची आहे, अशी कारणे निघतात आणि कुऱ्हाड चालते. एका शेतकऱ्याच्या दृष्टीने ते एकच झाड असते, आणि त्याची अडचणही खोटी नसते.

परंतु शिंजिराच्या बाजूने हा हिशेब करून पाहावा. माधुकरीप्रमाणेच आपल्याकडे वारावर जेवण्याची चाल होती. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, असे सात घरांचे सात वार ठरवून विद्यार्थी आपला आठवडा काढी. त्यातील एक घर बंद झाले, म्हणजे बाकीची सहा घरे कितीही उदार असली तरी त्या वारी मुलाला उपास घडे. शिंजिराचे वर्षही असेच वारांवर बांधलेले आहे. हिवाळा सरता सरता काटेसावर, मग पळस आणि पांगारा, आंब्या-मोहाच्या फांद्यांवरची बांडगुळे, पावसाळ्यात अंगणातली जास्वंद आणि कर्दळ. या सगळ्या वारांत पळसाचा वार मोठा, आणि तो येतो नेमका विणीच्या तोंडावर. धुऱ्यावरचा एकेक पळस पडतो, तसतसे एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंतचे अंतर वाढत जाते. आणि अंतर वाढले, की पाखराची फेरी तुटते व झाडाला परक्या झाडाचा पराग मिळण्याची वाटही तुटते. नुकसान दोघांचे, आणि तेही कोणाला कळू न देता.

शिंजीर हा कोणी संत आहे, असा मात्र याचा अर्थ नव्हे. लांब नळीच्या फुलात चोच पुरत नसेल, तर तो फुलाच्या बुडाशी भोक पाडून मध पळवितो. तेथे तो परागाला हातही लावीत नाही. बांडगुळाच्या फुलांचीही तो मनोभावे सेवा करतो. कोकणात केलेल्या निरीक्षणांवरून सलीम अली यांनी १९३१ साली दाखविले, की झाडाचे शोषण करणाऱ्या त्या बांडगुळाचे परागीकरण शिंजीर करतात आणि त्याचे चिकट बी या फांदीवरून त्या फांदीवर नेऊन चिकटविण्याचे काम फुलटोचे करतात. आंब्याच्या बागाइतदाराला हे ऐकून शिंजिराचा रागच यावयाचा. परंतु पाखरू काही आपल्या नफ्या-तोट्याची वही पाहून फुलावर बसत नाही. ज्याच्या दारी मध, त्याचे ते काम करते. त्याला चांगले किंवा वाईट ठरविणारे आपण. त्याच्यावाचून अडणारे झाड मात्र असा न्याय करीत बसत नाही.

शहरातील कुटुंबांना वाटेल, की हा सगळा धुऱ्यांचा आणि रानांचा विषय. त्यांचा आणि शिंजिराचा संबंध काय? तो संबंध पुष्कळदा त्यांच्या ओसरीतच येऊन लोंबकळत असतो. फाल्गुन-चैत्रात शिंजिराची मादी घरटे बांधावयास घेते. नर जवळपास गात फिरतो. बांधकाम ती एकटी करते. गवताच्या काड्या, सालपटांचे तुकडे, वाळक्या पानांचा चुरा, अळ्यांची विष्ठा, असा सगळा कचरा ती कोळ्याच्या जाळ्याने एकत्र बांधते आणि त्याची पिशवी फांदीच्या टोकाला टांगते. बाजूला एक दार आणि दारावर ऊन-पाऊस अडविणारी इवलीशी पडवी. पाहणाऱ्याला वाटावे, वाऱ्याने अडकून राहिलेले हे एक केरकचऱ्याचे बोंडूक आहे. आणि तसे वाटावे हाच त्यातील हेतू. कित्येकदा ही पिशवी अंगणातील वेलीला, विजेच्या तारेला किंवा कपडे वाळत घालण्याच्या दोरीला टांगलेली सापडते. आरशात स्वतःचे प्रतिबिंब पाहून त्याच्याशी तासन् तास झुंजणारा काळा पक्षी म्हणून ज्याची घरात थट्टा होते, तो याच घरट्याचा धनी असतो. दुसरा नर आपल्या हद्दीत शिरला, असे त्याला वाटत असते.

त्या पिशवीत बहुधा दोन अंडी असतात. मादी ती सुमारे पंधरा-सोळा दिवस उबविते. पिले बाहेर आली, की नरही चारा आणू लागतो. आणि तो चारा मधाचा नसतो, तर किडे आणि कोळी यांचा असतो, कारण वाढत्या अंगाला नुसत्या गोडावर भागत नाही. आणखी सुमारे दोन आठवड्यांत पिले उडून जातात. म्हणजे सगळा कारभार जेमतेम एका महिन्याचा. दिवाळीची किंवा पाडव्याची झाडलोट करणाऱ्या हाताने ते बोंडूक झाडूने पाडले नाही, ती एक दोरी महिनाभर मोकळी राहू दिली, कुंडीत एखादी जास्वंद ठेवली, एवढेच शहरातील घराकडून शिंजिराचे मागणे आहे. वारावर येणाऱ्या मुलासाठी ताटात एक मूठ भात अधिक शिजविणाऱ्या घरांना हे जड वाटू नये.

उन्हाळा चढत जातो. प्रतापगडची यात्रा उठून गेलेली असते. अर्जुनीच्या धुऱ्यांवरील तांबडी फुले गळून पडतात, मातीत मिसळतात आणि फांद्यांवर कोवळी पालवी येते, प्रत्येक देठावर तीन तीन पानांची. त्या पालवीत फिकट, चपट्या शेंगा लोंबू लागतात. पळसाच्या शेंगेचे वैशिष्ट्य असे की, एवढ्या लांब शेंगेत बी एकच असते, आणि तेही अगदी टोकाला. वैशाख-ज्येष्ठाच्या सोसाट्यात या हलक्या शेंगा झाडावरून सुटतात आणि गिरक्या घेत दूरच्या बांधीत, नाल्याच्या काठी किंवा एखाद्या ओसाड माळावर जाऊन पडतात. पहिल्या पावसात त्यांतील एखादी रुजते.

ते रोप पाहून कोणाला शिंजिराची आठवण होत नाही. वारावर जेवून शिकलेला मुलगा पुढे मोठा झाला, म्हणजे त्याच्या मोठेपणात त्या सात घरांचा वाटा किती हेही कोणी मोजीत नाही. परंतु जुन्या पिढीतील गृहिणी दारी आलेल्या झोळीला रिकामी पाठवीत नसे. माधुकरी घालणारे घर आणि माधुकरी मागणारा मुलगा मिळून गाव टिकतो, एवढे ती जाणून होती. अर्जुनीच्या धुऱ्यावरचा पळस दर फाल्गुनात आपले ताट वाढून उभा राहतो, आणि ते काळे पाखरू झोळी घेऊन दारी येते. त्या दोघांची गाठ पडत राहावी, एवढी जागा धुऱ्यावर आणि ओसरीत ठेवणे आपल्याच हाती आहे.